साट्यालोट्याचा फुलबॅक

आनंदराव हवालदारांना जाऊन एकवीस दिवस झाले होते, तेव्हा कुंडलिक त्यांची वही मागायला आला. चपला काढल्या, पण ओट्यावर टेकला नाही. उभा राहिलेला माणूस नड घेऊन आलेला असतो, हे हवालदारांनीच आपल्या लेकीला, चंद्राला, शिकवलं होतं.

"बस की," ती म्हणाली.

"बसतो अक्का. पर आधी इचारतो. हवालदारांची ती वही हाय न्हवं? खेळाडवांची?"

"आहे."

"त्यातलं एक पान वाचून दावा. मोडी हाय. आमच्यात कुनाला येत न्हाई."

हवालदारांनी अठरा वर्षं पलटणीत काढली आणि भोरला येताना पेन्शन, खोकला आणि हॉकी एवढं घेऊन आले. भात निघालं की नीरेकाठची खाचरं मोकळी होतात. त्यांचे बांध फोडून त्यांनी मैदान केलं आणि गावातल्या पोरांच्या हातात काठ्या दिल्या. पहिल्या वर्षी वाकड्या बाभळीच्या, पुढं पुण्याहून आणलेल्या खऱ्या. प्रत्येक खेळाडूसाठी वहीत एक पान. पानाच्या मधोमध फूटपट्टीनं मारलेली उभी रेघ. डावीकडं 'बरं', उजवीकडं 'उणं'. ती वही त्यांनी कुणाला दाखवली नाही. "माणसाचं उणं त्याच्या तोंडावर सांगावं, न्हाईतर वहीत ठेवावं," ते म्हणत. "चावडीवर मांडू नये."

"कुणाचं पान?" चंद्रानं विचारलं, तरी तिला ठाऊक होतं.

"गेनूचं."

माघात, खोकला छातीत उतरलेला असताना, हवालदारांनी वेल्ह्याच्या संघाशी साटंलोटं केलं होतं. वेल्ह्याचा संघ आबा सुभेदारांचा. दोघं म्हातारे एकाच पलटणीतले. हवालदारांनी भोरचा बाजी दिला. बाजी म्हणजे पंचक्रोशीतला सगळ्यात चपळ फॉरवर्ड. सासुरवाडी वेल्ह्याची, मेव्हण्याच्या दुकानात कामही मिळालं, तो आनंदानं गेला. बदल्यात आला गेनू. पासलीच्या वरच्या अंगाला धनगरांची चार घरं आहेत, तिथला. शेरडं राखणारा. त्याला फुलबॅक म्हणून, गोलापुढं राखणीला, उभा करायचा, असं हवालदारांनी सांगितलं, लाकडाच्या वखारीत त्याला काम लावून दिलं, आणि महिन्याभरात अंथरूण धरलं.

गाव हसलं. दुभती म्हैस देऊन भाकड शेळी आणली, म्हणालं. तेही चंद्रानं सोसलं असतं. पण दहाव्याला घाटावर आलेल्या कुणीतरी हळहळत म्हटलं होतं, "शेवटी शेवटी भ्रम झाला हुता बिचाऱ्याला," आणि ते वाक्य तिच्या मनातून निघत नव्हतं. तिसाव्या वर्षी विधवा होऊन परतलेल्या लेकीला ज्या माणसानं पुण्याला पाठवून मास्तरीण केलं, त्याला भ्रम झाला होता हे तिला मान्य नव्हतं. तसा पुरावा मात्र तिच्याकडं काही नव्हता.

"पान कशाला हवंय?"

आता कुंडलिक बसला. संघाचा कप्तान तोच होता. "अक्का, रामनवमीला वेल्ह्याशी सामना हाय. आठ दिवस ऱ्हायलं. बाजी आपल्याच डोक्यावर गोल चढवनार. म्या आबांकडं गेलतो. म्हनलं, साट्यालोट्याची रीत हाय, एका घरची सून परत धाडली की दुसऱ्या घरची लेक बी माघारी येती. आमी गेनू धाडतो, तुमी बाजी धाडा."

"मग?"

"आबा म्हनले, आनंदरावानं माझ्या हातावर हात मारलाय. गडी उणा हाय असं त्यानं सोताच्या हातानं लिवून ठेवलं असंल, तरच मोडीन."

चंद्रानं वही आणली. गेनूचं पान शेवटचं होतं. अक्षर कापरं, रेघ मात्र सरळ. सगळ्या पानावर एकच शब्द होता, आणि तो ना डावीकडं होता ना उजवीकडं. नेमका मधल्या रेघेवर, निम्मा इकडं निम्मा तिकडं.

"वळतो," तिनं वाचलं.

कुंडलिकनं मांडीवर थाप मारली. "बघा! वळतो! गडी अंगावर आला की पाठ फिरवतो! अक्का, म्या डोळ्यांनी बघितलंय. म्होरचा धावत आला की ह्यो आडवा जायचा सोडून बाजूला सरकतो. काठी उगारत न्हाई, चेंडू मारत न्हाई. वाट देतो, वाट! फुलबॅक हाय का देवळातला पुजारी?"

"शब्द रेघेवर आहे, कुंडलिक. उण्यात नाही."

"आजारी मानसाचा हात. सरकला असंल."

"अण्णांचा हात सरकला असता तर रेघही वाकडी आली असती."

कुंडलिकला हे पटलं नाही. वही मिटताना तिला जाणवलं, की वडिलांनी जे जन्मात केलं नाही ते आपण आज केलं. एका माणसाचं उणं आपल्या ओट्यावर बसून दुसऱ्याला वाचून दाखवलं.

"रविवारी सांगते," ती म्हणाली. "तोवर वेल्ह्याला निरोप जायचा नाही. वही माझी आहे."

"तुमचीच हाय," कुंडलिक म्हणाला आणि चपला घालून गेला.

दुसऱ्या दिवशी शाळेला जाण्याआधी ती वही घेऊन बसली. कुंडलिकच्या पानावर बऱ्यात 'मारा जोराचा, दमत नाही', उण्यात 'ओरडतो'. बाजीच्या पानावर बऱ्यात एकच शब्द, 'वारा'. उण्यात, 'वाट दिली की घेतो'. ही शेवटची ओळ बाकीच्या पानापेक्षा ताज्या शाईची आणि कापऱ्या अक्षरातली होती. गेनूच्या पानावरची शाई तीच. ती दोन्ही पानं आळीपाळीनं बघत राहिली, पण काही उलगडेना. तिनं पुस्तकं पुष्कळ वाचली होती. पुस्तकात नदी वळते, रस्ता वळतो, मनही वळतं. माणूस वळतो तेव्हा तो बहुधा निघून जात असतो.

तेवढ्यात शेजारच्या धोंडाबाईंचा आवाज आला. त्यांची सात शेरडं होती आणि आवाज सत्तर शेरडांना पुरेल असा.

"फुले! अगं ए फुले! शेरडं वळ की! पाटलाच्या वांग्यांत शिरल्याती, आनि तू येनी घालत बसलीस!"

चंद्रा वही हातात घेऊनच परसात गेली.

"धोंडाआत्या, शेरडं वळायची म्हणजे काय करायचं?"

"अगं बया! मास्तरीण झालीस आनि वळनं ठावं न्हाई?"

"ठाऊक आहे. पण कसं, ते सांगा."

धोंडाबाईंनी हातातली काठी जमिनीला टेकली. असला प्रश्न त्यांना जन्मात कुणी विचारला नव्हता, त्यामुळं त्या जरा फुलल्या. "हे बघ. मारायचं न्हाई. मारलं की चौवाटा उधळत्यात. म्होरं जाऊन आडवं बी व्हायचं न्हाई, बगलंतून निसटत्यात. निस्तं एका अंगानं चालायचं. जिकडं जाऊ द्यायचं न्हाई तिकडली वाट आपुन खायची, आनि आपल्याला पायजे ती मोकळी सोडायची. शेरडाला वाटतं आपुनच चाललोय." मग कुंपणाकडं वळून, "फुले! येनी झाली का बाई, का आनू हार?"

चंद्रा हसली. एकवीस-बावीस दिवसांत पहिल्यांदाच. शब्द तिला ठाऊक नव्हता असं नाही. भोवती गुरं-शेरडं नव्हती, शब्द पानावर एकटा उभा होता, म्हणून ओळखू आला नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती थेट मैदानावर गेली. पोरं अजून यायची होती. गेनू एकटाच बांधावर बसून काठीच्या मुठीला सुतळी गुंडाळत होता. पंचविशीचा, काटक, पायाच्या पिंढऱ्या दोरखंडासारख्या. तिला बघून उठला.

"बाई, तुमी?"

"बस. एक विचारायचंय. अण्णांनी तुला खेळताना कुठं पाहिलं?"

"खेळताना?" गेनू गोंधळला. "खेळताना न्हाईच बघितलं. आबांच्या संघात मला कोन खेळवतंय, मी आपला अकरा भरायला. हवालदार पासलीला आलते, येताना दम लागला म्हनून टेकाडावर बसले. खाली मी शेरडं वळत हुतो. दोन तास बसले, बाई. मला वाटलं ह्यांचं काय हरवलं. मग खाली आले आनि म्हनले, भोरला येतोस का?"

"आणखी काही विचारलं?"

"व्हय. म्हनले, एखादं शेरडू मागं ऱ्हायलं तर काय करतोस? म्या म्हनलं, त्याच्या मागं जातो. मागं ऱ्हायलेलं सोडून कसं यायचं? लांडगं हायती वर. तवा हसले. म्हनले, हे मी बघतो." त्यानं सुतळीला गाठ मारली. "मग बघायला ऱ्हायले न्हाईत."

चंद्रानं नदीकडं बघितलं. मग म्हणाली, "मी बघते."

पोरं आली. आपल्या मास्तरीणबाईंना बांधावर पाहून दोघातिघांनी विड्या टाकल्या. कुंडलिक पुढं आला.

"अक्का, रविवार उद्या हाय."

"आजच सांगते. आधी माझ्यासाठी एवढं कर. तू आणि तुझे चार फॉरवर्ड, पाळीपाळीनं एकेकटे चेंडू घेऊन गेनूच्या अंगावर जा. दहा वेळा. मी मोजते."

"धा येळा गोल बघायचा असंल तर बसा," कुंडलिक म्हणाला आणि पोरं हसली.

पहिला गेला. गेनू पुढं आला नाही. काठी खाली, अंग जरासं तिरकं, तो फॉरवर्डच्या आतल्या बाजूनं चालू लागला, आणि पळावं लागलं तेव्हा पळू लागला. चेंडूला त्यानं हात लावला नाही. तोंडानं मात्र हलकंसं "हुर्र, हुर्र" चाललं होतं. फॉरवर्डला बाहेरच्या अंगाला वाट मोकळी दिसली, त्यानं ती घेतली. आणखी दिसली, आणखी घेतली. आणि गोलापासून वीस हात लांब, मैदानाच्या हद्दीला मारलेल्या राखेच्या रेघेपलीकडं चेंडू घेऊन तो सरळ करवंदीच्या जाळीत गेला.

"पाय घसरला," तो म्हणाला.

दुसऱ्याचाही घसरला. तिसऱ्यानं घाईनं चेंडू लांब मारला. चौथ्यानं आत घुसायचं बघितलं, तेव्हा गेनूनं काठी नुसती पुढं केली आणि दारातली चप्पल सरकवावी तसा चेंडू काढून घेतला. पाचवा कुंडलिक. तो ओरडत गेला आणि ओरडतच रेघेबाहेर गेला.

चंद्रा गेनूकडं बघतच नव्हती. चेंडू कुठं मरतो तेवढं बघत होती. नऊ फेऱ्या झाल्या. सात वेळा चेंडू राखेबाहेर, दोन वेळा गेनूच्या काठीला. गोल एकही नाही. आता हसत कुणी नव्हतं.

दहाव्या फेरीला कुंडलिक चिडला आणि एका पोराला जोडीला घेऊन निघाला. ते पोर जरा मागं रेंगाळलं. गेनूची मान मागं वळली, पाय वळले, कुंडलिकला सोडून तो मागच्याकडं गेला, आणि कुंडलिकनं मोकळ्या मैदानात फटका मारून गोल केला.

"ह्ये बघा!" कुंडलिक दोन्ही हात वर करून ओरडला. "वळला का न्हाई? पाठ फिरवली का न्हाई?"

"फिरवली," चंद्रा म्हणाली. "हे त्याचं उणं. खरं उणं. दोघं आले आणि एक मागं राहिला की हा मागच्यासाठी जातो. ते अण्णांना माहीत होतं, लिहायचं राहून गेलं. पण त्यांनी लिहिलेला शब्द याच्यासाठी नाही. कुंडलिक, पाचव्या फेरीला तू एकटा गेलास. तेव्हा बाहेर का गेलास?"

"माझंच चुकलं. वाट मोकळी दिसली म्हनून…" तो मध्येच थांबला.

"सगळ्यांना तसंच वाटतं, माझंच चुकलं. तुम्ही चुकला नाहीत. त्यानं तुम्हाला वळलं. शेरडं वळतात तसं."

मग हाफला खेळणारा ज्ञानू सावकाश म्हणाला, "म्हंजी आपुन शेरडं?"

"नऊ येळा सिद्ध झालं की," कुणीतरी मागून म्हणालं, आणि सगळे हसले, गेनू सोडून. तो खाली मान घालून सुतळी नीट करत होता.

चंद्रानं वही उघडली. "बाजीच्या पानातलं उणं वाचते. अण्णांनी ते बाजीच्या तोंडावर शंभरदा सांगितलंय, म्हणून वाचते. 'वाट दिली की घेतो.'"

कुंडलिक वहीकडं बघत राहिला. त्याला मोडी येत नव्हती, तरी त्यानं त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग गेनूच्या पानावरच्या शब्दावरून.

"दोन्ही एकाच दिशी लिवलंय?"

"एकाच शाईनं."

"म्हंजी वाट घेनारा दिला," कुंडलिक म्हणाला, "आनि वाट देनारा आनला." त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. "म्हातारा लई पाताळयंत्री हुता, अक्का."

"होता," ती म्हणाली. तिनं वही मिटली. "आता उण्याचं बघू. दोघं आले तर मागचा ज्ञानूनं घ्यायचा. गेनू, मागचं ज्ञानूचं. समजलं?"

"समजलं, बाई. पर सवय हाय."

वेल्ह्याला निरोप गेला नाही.

रामनवमीला जन्मकाळ होऊन सुंठवडा वाटला गेला आणि गाव मैदानाकडं लोटलं. आबा सुभेदार पांढरा फेटा बांधून आले आणि आपणहून चंद्राशेजारी बाकावर बसले.

"पोरी, तुझ्या बापानं मला फशिवलं का मी त्याला, हे आज कळंल," ते म्हणाले.

"कळेल, आबा."

दोन्हीकडच्या मधल्या गड्यांनी काठ्यांवर तीनदा काठ्या आपटून बुली घेतली आणि खेळ सुरू झाला. बाजी खरोखर वारा होता. चेंडू काठीला चिकटल्यासारखा घेऊन तो निघाला की माणसं उभी राहत. पहिल्यांदा निघाला तेव्हा भोरचे लोक ओरडले, "अरं गेनू, आडवा जा! आडवा!" गेनू आडवा गेला नाही. आतल्या अंगानं चालला, पळाला, "हुर्र" म्हणाला, आणि बाजी आपल्या वाऱ्यासकट राखेची रेघ ओलांडून बायकांच्या घोळक्यात, पाण्याच्या घागरींपाशी पोचला.

"तहान लागली व्हय रं, बाजी?" धोंडाबाई म्हणाल्या. त्या हक्कानं पुढं बसल्या होत्या.

दुसऱ्यांदाही तेच. चौथ्या वेळी धोंडाबाईंनी तांब्या भरूनच ठेवला. भोरचे लोक आता 'आडवा जा' म्हणेनासे झाले होते. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात कुंडलिकनं जोराचा मारा केला आणि गोल झाला. एक-शून्य.

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "आनंदराव त्या टेकाडावर दोन तास बसला हुता. मी म्हनलं, दम लागला."

"तोही लागला होता," चंद्रा म्हणाली.

शेवटची पाच मिनिटं उरली होती. बाजी पुन्हा निघाला, पण आता त्याच्याबरोबर आणखी एक गडी होता. बाजी अडाणी नव्हता; कुणी मागं रेंगाळलं की गेनूची मान तिकडं वळते, हे त्यानं खेळता खेळता हेरलं होतं. त्यानं पुढं त्या गड्याला चेंडू दिला आणि स्वतः पाय ओढत, लंगडत मागं राहिला. गेनूची मान वळली. चंद्राला लांबूनही दिसलं. मागं राहिलेलं जनावर, लंगडणारं. गेनूचे पाय त्याच्याकडं निघालेच.

चंद्रा बाकावरून उठली. शाळेतही तिचा आवाज कधी चढला नव्हता.

"गेनू! मागचं ज्ञानूचं!"

सबंध मैदानानं ते ऐकलं. गेनू एक क्षण थबकला, जीव तुटावा तसा, आणि पुन्हा चेंडूच्या अंगाला वळला. ज्ञानू बाजीला जाऊन चिकटला. पुढच्या गड्याला वाट मोकळी दिसली. त्यानं ती घेतली, आणखी घेतली, आणि चेंडू राखेबाहेर गेला. बाजी आता मुळीच लंगडत नव्हता. कमरेवर हात ठेवून उभा होता आणि हसत होता; आपला डाव ओळखला गेला हे त्याला कळलं होतं.

सामना संपला तेव्हा आबा कुंडलिकला म्हणाले, "काय रं, तू माझ्याकडं आलतास न्हवं, साटंलोटं मोडायला? मोडतो. बाजी घे, गेनू दे."

कुंडलिकनं त्यांच्या पाया पडून घेतलं आणि मग म्हणाला, "नांदती सून माघारी धाडायची रीत न्हाई, आबा."

संध्याकाळी, अजून उजेड होता तोवर, चंद्रानं ओट्यावर वही घेतली. दौत वडिलांचीच. गेनूचं पान उघडलं. वडिलांच्या शब्दाला तिनं हात लावला नाही. तो कुठल्या बाजूचा हे आता सगळ्या भोरला ठाऊक होतं, आणि तो निम्मा उण्यात का होता तेही आज दिसलं होतं. उजवीकडं 'उणं'खाली तिनं मोडीत लिहिलं: 'मागं राहिलेलं सोडवत नाही.' शाई वाळेपर्यंत तिनं पान मिटलं नाही. मग पुढचं कोरं पान काढलं, फूटपट्टी ठेवली, मधोमध रेघ मारली आणि वर ज्ञानूचं नाव घातलं.

कुंडलिक गुलालानं माखून दारात आला होता. या वेळी तो न सांगता बसला.

"अक्का, माझ्या पानावर काय हाय वो?"

"तोंडावर सांगायचं का वहीतच ठेवायचं?"

"सांगा की. भितो का मी?"

"बरं: मारा जोराचा, दमत नाही. उणं: ओरडतो."

"म्या?" कुंडलिक म्हणाला. "म्या कवा वरडतो?"

पलीकडं धोंडाबाईंची सातही शेरडं दावणीला दचकून उभी राहिली.